समाजशास्त्राचे पांच विद्यार्थी

फाल्गुन-चैत्राच्या सुमारास सुशिक्षित मध्यमवर्गाच्या कित्येक घरांत हल्लीं एक नवी चिंता येऊन बसते. मुलानें किंवा मुलीनें मार्गशीर्षांत परदेशच्या चार-सहा विद्यापीठांकडे अर्ज धाडलेले असतात; त्यांचीं उत्तरें आतां येऊं लागतात. एक विद्यापीठ प्रवेश देतें, पण पैसा देत नाहीं. दुसरें पैसा देतें, पण त्याचें नांव शेजाऱ्यापाजाऱ्यांनीं ऐकलेलें नसतें. तिसरें आपल्याच देशांतलें असतें, आणि घरचें म्हणूनच त्याची किंमत वाटत नाहीं. अमेरिकेंतील पुष्कळ विद्यापीठें शिष्यवृत्तीसह प्रवेश देतांना १५ एप्रिल ही उत्तराची शेवटची तारीख ठेवितात, म्हणून घाईहि असते. विषय वैद्यक किंवा यंत्रशास्त्र असेल तर सल्ला देणारे दहा आप्त निघतात. विषय समाजशास्त्र असला म्हणजे सगळे गप्प बसतात, आणि शेवटीं विद्यापीठांच्या क्रमवारीचा कागद समोर ठेवून निकाल लावला जातो.

वस्तुतः हा प्रश्न महाराष्ट्राला नवीन नाहीं. समाजाचें शास्त्र शिकण्यासाठीं कोठें जावें, कोणापाशीं बसावें आणि खर्च कोणी सोसावा, ह्या तीन अडचणींतून आपलीं माणसें १९०६ सालापासून जात आलीं आहेत. त्यांपैकीं चार महाराष्ट्रीय आणि पांचवे म्हैसूरहून मुंबईस आलेले, अशा पांच विद्यार्थ्यांची हकीकत येथें एकत्र मांडावयाची आहे. ह्यांचे ग्रंथ पुष्कळांनीं वाचले आहेत. पण विद्यार्थी असतांना ह्यांनीं कोणतें दार ठोठावलें आणि कां, हें क्वचितच विचारलें जातें. आमच्या मतें ह्यांच्या पुढील कार्याचें बरेंच वळण तेथेंच ठरलें. आणि ह्यांच्यापैकीं एकाच्या निवडीनें तर देशांतील ह्या शास्त्राच्या अध्यापनाचें वळण कित्येक वर्षांपुरतें ठरून गेलें.

पहिले श्रीधर व्यंकटेश केतकर. महाराष्ट्र त्यांना ज्ञानकोशकार म्हणून ओळखतो. परंतु ज्ञानकोशाच्या पुष्कळ आधीं, १९०६ सालीं, वयाच्या बाविसाव्या वर्षीं ते अमेरिकेस गेले आणि न्यूयॉर्क संस्थानांतील इथाका येथील कॉर्नेल विद्यापीठांत राहिले. १९०९ सालीं तेथूनच त्यांचा हिंदुस्थानांतील जातींच्या इतिहासावरील इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला, आणि १९११ सालीं त्यांना डॉक्टरेट मिळाली. ह्या ग्रंथाचा मुख्य आधार मनुस्मृति हा आहे. आतां मनुस्मृति वाचावयाची तर पुण्यास काय उणें होतें? तेथें धर्मशास्त्र मुखोद्गत असलेले शास्त्री हयात होते. पण पुण्यांत मनूचें वचन एक तर प्रमाण म्हणून उच्चारलें जाई, नाहीं तर दोषारोपाचें साधन म्हणून वादांत फेकलें जाई. तें इसवी सनाच्या तिसऱ्या शतकांतील समाजस्थितीचा एक पुरावा आहे असें समजून, साक्षीदाराची उलटतपासणी करावी तसें तें तपासावयाचें, तर सनातनी आणि सुधारक ह्या दोन्ही पक्षांपासून कांहीं काळ दूर बसणें अवश्य होतें. केतकरांना इथाकानें दिलें तें हें अंतर. विषय त्यांनीं घरूनच नेला होता.

दुसरे भीमराव रामजी आंबेडकर. त्यांच्या बाबतींत निवडीचा प्रश्न प्रथम पैशाच्या रूपानें उभा राहिला. १९१३ च्या फेब्रुवारींत वडील वारले. त्याच वर्षीं बडोदें सरकारनें त्यांना दरमहा साडेअकरा पौंडांची तीन वर्षांची शिष्यवृत्ति दिली, आणि परत आल्यावर दहा वर्षें संस्थानची नोकरी करण्याचा करार लिहून घेतला. जुलै १९१३ मध्यें ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत दाखल झाले. त्यांचा मुख्य विषय अर्थशास्त्र होता. परंतु तीन वर्षांत त्यांनीं घेतलेल्या अभ्यासक्रमांची नोंद पाहिली म्हणजे मन थक्क होतें. अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, आणि शिवाय फ्रेंच व जर्मन भाषांचा प्राथमिक अभ्यास. सेलिग्मन, गिडिंग्ज, ड्यूई असे अध्यापक एकाच आवारांत होते, आणि एका विभागाच्या विद्यार्थ्यास दुसऱ्या विभागाच्या वर्गांत जाऊन बसण्यास आडकाठी नव्हती. ज्याला मुदतीच्या आंत जितकें मिळेल तितकें ज्ञान पदरांत बांधून न्यावयाचें होतें, अशा विद्यार्थ्यास ह्याहून योग्य जागा मिळणें कठीण होतें.

९ मे १९१६ रोजीं गोल्डनवायझर ह्यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चावर्गांत आंबेडकरांनीं जातिसंस्थेच्या उत्पत्तीवर निबंध वाचला. पुढच्या वर्षीं तो ‘इंडियन अँटिक्वरी’ ह्या नियतकालिकांत छापून आला. निबंधांत ज्या पूर्वसूरींचीं मतें तपासलीं आहेत त्यांत सेनार, नेसफील्ड व रिस्ले ह्या पाश्चात्त्यांच्या बरोबरीनें केतकरांचें नांव आहे. केतकरांनीं एकेकट्या जातीकडे न पाहतां जातींच्या व्यवस्थेकडे पाहिलें, ह्याबद्दल आंबेडकर त्यांची प्रशंसा करितात, आणि लगेच त्यांची चूकहि दाखवितात. जन्मानेंच मिळणारें सदस्यत्व आणि जातीबाहेर विवाहाची बंदी हीं केतकरांनीं जातीचीं दोन लक्षणें मानिलीं होतीं. हीं दोन नव्हेत, एकाच गोष्टीचीं दोन अंगें आहेत, असें आंबेडकरांचें म्हणणें. घरीं ज्या दोघांची एका पंक्तींत बसून ह्या विषयावर शास्त्रीय चर्चा होणें त्या काळीं दुर्घट होतें, त्यांची ती चर्चा अशी दूरदेशीं ग्रंथांच्या द्वारें झाली.

पुढें मात्र पैशानें आपलें स्वरूप दाखविलें. आंबेडकर १९१६ मध्येंच लंडनच्या स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्यें गेले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ सालीं अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावें लागलें. मुंबईस प्राध्यापकी करून सांठविलेली शिल्लक, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचें साहाय्य आणि एका मित्राकडून घेतलेलें कर्ज, इतकें जमवून १९२० सालीं ते पुनः लंडनास गेले, व १९२३ सालीं रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधानें त्यांनीं तेथील अभ्यास पुरा केला. आज महाराष्ट्र शासन अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना परदेशीं शिकण्यासाठीं जी शिष्यवृत्ति देतें तिला राजर्षि शाहू महाराजांचेंच नांव आहे, हें त्या जुन्या साहाय्याचें उचित स्मरण होय.

तिसऱ्या विद्यार्थ्याची गोष्ट मुंबई विद्यापीठांतच सुरू होते. १९१९ सालीं ह्या विद्यापीठानें समाजशास्त्राचा विभाग काढला आणि त्याच्या प्रमुखपदीं पॅट्रिक गेडिस ह्यांना बोलाविलें. गेडिस मूळचे जीवशास्त्रज्ञ, आणि नगररचनाकार म्हणून ख्यातनाम. समाज समजून घ्यावयाचा तर आधीं शहर पायांखालीं घालावें, अशी त्यांची शिकवण. परदेशीं शिकण्यास पाठविण्यासाठीं विद्यापीठाला एक विद्यार्थी निवडावयाचा होता. मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये हे तेव्हां संस्कृत घेऊन एम्. ए. झालेले, सुवर्णपदक मिळविलेले तरुण होते. गेडिस ह्यांनीं त्यांच्याकडून मुंबई ह्या शहरावरच निबंध लिहवून घेतला आणि तो पाहून त्यांची निवड केली. हाच घुर्यांचा अर्ज म्हणावयाचा. संस्कृतचें पदक बाजूस ठेवून, समोरचें शहर ह्या मुलाला दिसतें कीं नाहीं, एवढेंच गेडिस ह्यांनीं पाहिलें.

१९२० सालीं घुर्ये लंडनास गेले. जावयाचें ठिकाण उघड होतें. ब्रिटनमध्यें समाजशास्त्राच्या अध्यासनाची प्रतिष्ठापना १९०७ सालीं लंडनच्या स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्यें झाली होती, आणि हॉबहाउस तेथें शिकवीत होते. कागदावर पाहतां ह्याहून बिनचूक निवड नव्हती. परंतु थोड्याच काळांत घुर्ये तेथून निघाले आणि हॅडन ह्यांच्या साहाय्यानें केंब्रिजला रिव्हर्स ह्यांच्यापाशीं गेले. केंब्रिजमध्यें समाजशास्त्राचें अध्यासन तर नव्हतेंच, त्या नांवाचा विभागहि नव्हता. शिवाय रिव्हर्स हे शिक्षणानें वैद्य आणि मानसशास्त्रज्ञ. पण १८९८ सालीं टोरेस सामुद्रधुनीच्या मोहिमेंत हॅडन ह्यांच्याबरोबर गेले असतां त्यांनीं लोकांच्या वंशावळी विचारून नातेसंबंधांचा अभ्यास करण्याची पद्धति बसविली होती, आणि नंतर नीलगिरीच्या तोडा लोकांत राहून १९०६ सालीं त्यांच्यावर मोठा ग्रंथ लिहिला होता. हॉबहाउस मानवजातीच्या नैतिक उत्क्रांतीचा विस्तीर्ण पट मांडीत. रिव्हर्स एका गांवांतील एका माणसाला त्याच्या मामाचें नांव विचारीत. गोत्र-प्रवरांच्या देशांतून गेलेल्या संस्कृतज्ञ विद्यार्थ्याला दुसऱ्या गुरूपाशीं आपलें घर सांपडावें, ह्यांत नवल नाहीं.

ही निवड निर्धोक होती असें मात्र नव्हे. १९२२ च्या जून महिन्यांत रिव्हर्स अकस्मात् वारले. हॅडन केंब्रिजमध्यें होते म्हणून घुर्यांचा प्रबंध पुरा झाला, नाहीं तर विद्यापीठाचा पैसा आणि विद्यार्थ्याचीं वर्षें दोन्ही वायां जातीं. परत आल्यावर १९२४ सालीं, गेडिस ह्यांच्या जाण्यानंतर, मुंबईचा विभाग घुर्यांच्या हातीं आला आणि १९५९ पर्यंत त्यांच्याच छायेखालीं राहिला. ह्या पस्तीस वर्षांत तेथें जातींवर, कुलसंबंधांवर, आदिवासींवर आणि ग्रंथांतरींच्या पुराव्यांवर जें संशोधन झालें, त्याचें मूळ केंब्रिजमधील त्या दोन-तीन वर्षांत पाहावें लागतें. गेडिस ह्यांची शहर पायांखालीं घालण्याची शिकवण हळूहळू मागें पडली. घुर्ये लंडनमध्येंच राहिले असते तर काय झालें असतें हें सांगणें व्यर्थ आहे. पण एका विद्यार्थ्यानें बदललेला वर्ग पुढील दोन पिढ्यांचा पाठ ठरवूं शकतो, एवढें त्यावरून निश्चित दिसतें.

घुर्यांच्याच शिष्या इरावतीबाई कर्वे ह्या चौथ्या. त्यांनीं १९२८ सालीं मुंबईची एम्. ए. मिळविली आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत त्या बर्लिनला गेल्या. हें ठिकाण घरांतून सुचलें. पति दिनकर कर्वे ह्यांनीं स्वतः जर्मनींत रसायनशास्त्राची डॉक्टरेट मिळविली होती, आणि पत्नीनेंहि तेथें शिकावें अशी त्यांची इच्छा होती. सासरे धोंडो केशव कर्वे ह्यांनीं स्त्रीशिक्षणासाठीं जन्म वेंचला, तरी सुनेचें हें परदेशगमन त्यांना पसंत नव्हतें. पैसा जीवराज मेहता ह्यांच्याकडून कर्जाऊ घेतला. बर्लिनमधील ज्या संस्थेंत इरावतीबाई दाखल झाल्या तिचे प्रमुख ऑयगेन फिशर हे वंशश्रेष्ठत्वाच्या मताचे होते. पुढें १९३३ सालीं हिटलरच्या राजवटींत ते बर्लिन विद्यापीठाचे प्रमुखहि झाले. माणसाच्या कवटीच्या दोन बाजूंतील असमानतेचा वंशाशीं संबंध आहे असें त्यांचें अनुमान होतें, आणि हाच विषय इरावतीबाईंच्या वांट्यास आला. त्यांनीं कवट्या मोजल्या, आंकडे मांडले, आणि गुरूच्या अनुमानास ह्या आंकड्यांत आधार नाहीं असा निष्कर्ष काढला. १९३० सालीं त्यांना डॉक्टरेट मिळाली.

ह्या प्रसंगाचा विचार जितका करावा तितका थोडा आहे. कर्ज डोक्यावर, घर हजारों कोसांवर, भाषा परकी, परीक्षक तोच ज्याचें मत खोडावयाचें. अशा वेळीं आंकड्यांना थोडेंसें वांकविण्याचा मोह दुसऱ्या कोणासहि झाला असता. इरावतीबाईंनीं तेथली मोजण्याची विद्या घेतली, आणि तिच्या आधारानें जो सिद्धान्त सिद्ध व्हावा अशी गुरूची अपेक्षा होती तो मात्र नाकारला. शरीरमापनाचें काम त्यांनीं पुढें महाराष्ट्रांतहि चालूं ठेविलें. १९३९ सालीं त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत समाजशास्त्र शिकवूं लागल्या. भारतांतील आप्तसंबंधांवरील त्यांचा ग्रंथ १९५३ सालीं आणि ‘युगान्त’ १९६७ सालीं निघाला. चुकीच्या मताच्या संस्थेंत जाऊनहि खरी विद्या घेऊन येतां येतें, पण त्यासाठीं विद्यार्थ्याचा कणा ताठ असावा लागतो.

पांचवे म्हैसूरचे श्रीनिवास. म्हैसूर विद्यापीठांत सामाजिक तत्त्वज्ञान शिकून ते १९३६ नंतर मुंबईस घुर्यांकडे आले. म्हणजे ज्या गांवाहून एका तरुणास शिकण्यासाठीं विलायतेस धाडावें लागलें होतें, तेंच गांव सोळा-सतरा वर्षांत दुसऱ्या प्रांतांतील विद्यार्थ्यांचें क्षेत्र झालें. गुजराथेंतून आलेले अक्षयकुमार देसाई हेहि ह्याच विभागांतले. त्यांची मार्क्सवादी भूमिका घुर्यांच्या विचारांहून अगदीं निराळी होती. तरी भारतीय राष्ट्रवादाच्या सामाजिक पार्श्वभूमीवरील त्यांचा प्रबंध घुर्यांच्याच मार्गदर्शनाखालीं झाला व १९४८ सालीं ग्रंथरूपानें निघाला. घरच्या विद्यापीठाची योग्यता ठरवितांना ही गोष्ट विसरूं नये.

श्रीनिवास ह्यांनीं मुंबईस कूर्ग लोकांवर डॉक्टरेटचा प्रबंध लिहिला, आणि १९४५ सालीं ते ऑक्सफर्डला गेले. तेथें रॅडक्लिफ-ब्राउन ह्यांनीं त्यांना नवा विषय दिला नाहीं; कूर्गांचीच जमविलेली माहिती पुनः नव्या दृष्टीनें मांडण्यास सांगितलें. मुंबईंत ज्या चालीरीतींची नोंद झाली होती त्या एकमेकींना कशा धरून आहेत, कोणता विधि कोणत्या समूहाला बांधून ठेवितो, हा आतां प्रश्न झाला. १९४६ सालीं रॅडक्लिफ-ब्राउन निवृत्त झाले व त्यांच्या जागीं इव्हान्स-प्रिचर्ड आले. १९४७ सालीं श्रीनिवासांना ऑक्सफर्डची पदवी मिळाली, आणि १९५२ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथांतून ‘संस्कृतीकरण’ ही कल्पना अभ्यासकांच्या चर्चेंत आली. सामग्री तीच, लोक तेच, विद्यार्थी तोच; गुरु बदलतांच ग्रंथ बदलला. विद्यापीठ काय देतें ह्याचा इतका स्वच्छ पुरावा दुसरा मिळणें कठीण.

ह्या पांच हकीकती शेजारीं शेजारीं ठेविल्या म्हणजे कांहीं गोष्टी आपोआप दिसूं लागतात. एक तर दारावरच्या पाटीला फारसा अर्थ नाहीं. आंबेडकरांनीं जातीवरचा निबंध मानववंशशास्त्राच्या वर्गांत वाचला. घुर्ये समाजशास्त्राचें अध्यासन सोडून तें नसलेल्या ठिकाणीं गेले. इरावतीबाईंनीं कवट्या मोजल्या. श्रीनिवास ऑक्सफर्डला सामाजिक मानवशास्त्र शिकले. दुसरें असें कीं, एकाच नामांकित गुरूच्या भरंवशावर जाणें धोक्याचें असतें. रिव्हर्स वारले, रॅडक्लिफ-ब्राउन निवृत्त झाले. दोन्ही वेळां त्याच ठिकाणीं दुसरा समर्थ माणूस होता म्हणून निभावलें. तेव्हां प्रवेशाचें पत्र हातीं आल्यावर, आपल्या विषयांत रस असणारे दोन-तीन तरी अध्यापक तेथें आहेत कीं नाहींत, हें पाहणें हा शहाणपणा होय. तिसरें पैशाचें. अमेरिकेंत डॉक्टरेटच्या विद्यार्थ्यास बहुधा फी माफ होऊन, अध्यापनांत साहाय्य करण्याच्या बदल्यांत वेतनहि मिळतें. इंग्लंडांतील एक वर्षाची एम्. ए. बहुधा स्वतःच्या खर्चानें करावी लागते. पैसा किती वर्षें पुरेल, आणि तो मध्येंच थांबला तर परतण्याची वाट कोणती, हें आधीं विचारण्यांत हलकेपणा नाहीं. १९१७ सालीं आंबेडकरांसारख्या विद्यार्थ्यासहि लंडन सोडावें लागलें, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

कोणी म्हणतील, हीं असामान्य माणसें. हीं कोठेंहि गेलीं असतीं तरी मोठींच झालीं असतीं. ह्यांत तथ्य नाहीं असें नाहीं. पण त्यांचें मोठेपण ध्यानांत धरूनहि एक गोष्ट उरतेच. ह्यांपैकीं कोणीहि रिकाम्या हातांनीं गेला नाहीं. कोणाजवळ मनु होता, कोणाजवळ जन्मभर सोसलेली जात, कोणाजवळ मुंबई शहर, कोणाजवळ कूर्गांच्या टिपणवह्या. इरावतीबाईंना विषय तेथें मिळाला, पण तो तपासण्याचा निर्भयपणा त्यांनीं घरून नेला होता. ज्याच्याजवळ स्वतःचें असें कांहींच नाहीं त्याला क्रमवारींतलें पहिलें विद्यापीठ आणि पन्नासावें विद्यापीठ ह्यांत नांवाखेरीज फरक कळणार नाहीं. आणि ज्याच्याजवळ तें आहे त्याला चुकीच्या वर्गांतूनहि वेळेवर उठून जातां येईल.

म्हणून आईबापांनीं क्रमवारीचा कागद थोडा बाजूस सारून, मुलाला त्या त्या ठिकाणच्या अध्यापकांचे ग्रंथ वाचावयास सांगावें, आणि वाचून झाल्यावर कोणाशीं भांडावेंसें वाटतें तें विचारावें. १९०९ सालीं इथाका येथें छापलेलें एका मराठी तरुणाचें पुस्तक सात वर्षांनीं न्यूयॉर्कमध्यें दुसऱ्या मराठी तरुणानें उघडलें, आणि त्यांतली चूक दाखवून तो एक पाऊल पुढें गेला. केतकरांनीं अर्ज केला तेव्हां त्यांना ह्या वाचकाची कल्पनाहि नव्हती. आज पत्रें समोर पसरून बसलेल्या मुलीलाहि आपल्या वाचकाची कल्पना नसणार. परंतु तो कोठेंतरी शाळेंत जात असेल.